जितके कुजले तितकेच बदला : जुन्या वाड्यांच्या दर्शनी बाजूंविषयी खुले पत्र

प्रति,
नगर अभियंता व बांधकाम विभागातील सर्व अधिकारी,
राज्यातील नगरपरिषदा व महानगरपालिका,
तसेच वारसा समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

विषय : जुन्या वाड्यांच्या दर्शनी बाजूवरील लाकूडकाम आणि चुन्याचा गिलावा यांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके व निविदा.

स. न. वि. वि.

कृष्णाकाठच्या एका लहान शहरात, बाजारपेठेला लागून असलेल्या दुमजली वाड्यात मी गेली ३१ वर्षे राहते. वाडा सासरचा आहे आणि आज त्यात तीन बिऱ्हाडे आहेत. रस्त्याकडची त्याची बाजू ४२ फुटांची आहे. खाली काळ्या घडीव दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीत रचलेल्या विटांची व चुन्याने गिलावलेली भिंत, आणि वर माडीला सागवानी खांब, खांबांवर कोरीव हस्त (वरचा भार पेलणारे लाकडी आधार), पुढे कठडा व दोन खांबांमधल्या जागेत उभ्या फळ्यांची पडदी, जिच्या प्रत्येक सांध्यावर बोटभर रुंदीची पट्टी ठोकलेली आहे. ही बाहेरची बाजू ऊन, पाऊस आणि वारा स्वतःच्या अंगावर घेते म्हणून आतला वाडा टिकतो. तेव्हा तिच्या दुरुस्तीकडे केवळ शोभेचे काम म्हणून पाहणे मला कधीच पटलेले नाही.

हे पत्र लिहिण्यास कारण असे घडले की, आमच्याच आळीतील एका सार्वजनिक इमारतीच्या दर्शनी बाजूचे काम नुकतेच पूर्ण झाले. निधी वारसा जतनासाठी मंजूर झाला होता. प्रत्यक्षात मात्र भिंतीवरचा सगळा चुना हातोड्याने पाडून तिथे सिमेंटचा गिलावा झाला, माडीच्या फळ्या एकूण एक उतरवून त्यांच्या जागी प्लायवूड बसले, आणि वरून चॉकलेटी रंग देण्यात आला. उतरवलेल्या फळ्या जुने लाकूड घेणाऱ्याच्या टेम्पोत भरल्या जात असताना मी त्यांतली एक हातात घेऊन पाहिली. तिच्या खालच्या टोकाचे वीतभर लाकूड कुजलेले होते आणि वरचे साडेपाच फूट रंधा मारताच नव्यासारखे दिसले असते. काम करणाऱ्या माणसांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्या हाती असलेल्या कागदावर तसेच लिहिले होते : ‘जुना गिलावा पूर्णपणे काढून सिमेंट वाळूचा गिलावा करणे’ आणि ‘जुने लाकूडकाम काढून नवीन पुरवणे व बसवणे’. माझे म्हणणे त्या कागदाविषयी आहे, आणि तो कागद आपल्या विभागात तयार होतो.

सिमेंटविषयी मी ऐकीव गोष्ट सांगत नाही. ११ वर्षांपूर्वी आम्ही स्वतःच्या वाड्याच्या तळमजल्यावर हीच चूक करून बसलो. चुन्याचे पोपडे पडू लागले होते, सिमेंटने भिंत ‘कायमची पक्की’ होईल असे आम्हाला सांगण्यात आले आणि आम्ही ते मान्य केले. पहिली दोन वर्षे भिंत गुळगुळीत दिसली. तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या खोलीत लोणा (ओलीबरोबर भिंतीवर येणारे क्षार) कमरेपर्यंत चढला, आणि चौथ्या पावसाळ्यानंतर बाहेरून भिंतीवर बोटाच्या पेराने वाजवले की पोकळ आवाज येऊ लागला. गवंड्याने छिन्नी लावताच दोन हात लांबीचा पापुद्रा एकसंध खाली आला आणि त्यामागे विटांच्या जागी ओला, लालसर चिखल होता. त्या भिंतीत टेकलेल्या तुळईच्या टोकात सुताराने पटाशी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली.

असे का झाले, हे नंतर जाणकारांना विचारून आणि वाचून समजले, आणि ते समजायला अवघड नाही. मातीत रचलेल्या भिंतीत पाणी सदैव ये-जा करीत असते. ते जमिनीतून वर चढते, कौलांच्या फटीतून उतरते, पागोळ्यांच्या शिंतोड्यांतून आत शिरते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळा ओसरला की ही ओल त्यातून बाहेर निघून जाते, आणि जाताना आणलेले क्षार गिलाव्यातच सोडते. म्हणून तो दहा-वीस वर्षांनी झडतो, आणि त्याने तसे झडणे हेच त्याचे काम आहे, कारण त्यामुळे मागची वीट वाचते. सिमेंटचा थर घट्ट आणि ताठर असतो. उन्हाने लाकडी सांगाडा हलला की त्याला केसाएवढ्या भेगा पडतात, त्या भेगांतून पाणी आत जाते, पण तितक्या सहज बाहेर पडत नाही. कोंडलेली ओल मग भिंतीत वर चढते, मातीची पकड सुटते, आणि भिंतीत गाडलेले खांब व तुळया आतल्या आत कुजू लागतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले तेव्हा मातीत रचलेल्या भिंतींचे वाडे कसे बसत गेले, हे त्या पिढीतील लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. भिंतीत कोंडलेली ओल तेच काम सावकाश, वर्षानुवर्षे करीत राहते.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे आहे. दुसऱ्या बाजीरावाचा पुण्यातील विश्रामबागवाडा त्याआधीच, १८०७ मध्ये उभा राहिला. शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातले सागवान, चिंचवडच्या खाणींतला दगड आणि जेजुरीच्या पट्ट्यातला चुना आणला होता असे सांगितले जाते. या यादीतला प्रत्येक पदार्थ दुसऱ्याशी जुळणारा आहे, एकाच्या हालचालीला दुसरा सामावून घेतो. त्यात न जुळणारा चौथा पदार्थ दोन शतकांनी आणून चिकटवायचा असेल, तर तो का, याचे कारण अंदाजपत्रकाच्या प्रस्तावनेत लिहिण्याची सक्ती असावी.

‘चुना आता मिळत नाही, आणि चुन्याचे काम जाणणारे गवंडीही उरले नाहीत’, हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे. आमचा अनुभव वेगळा आहे. कळीचा चुना आजही मिळतो. तो आम्ही परसातल्या खड्ड्यात विरवला, पाण्याखाली दीड महिना मुरू दिला आणि दोनदा चाळून घेतला. जवळच्या खेड्यातले एक ७० वर्षांचे गवंडी आमच्याकडे आले. त्यांनी खड्ड्यातला चुना थापीवर घेतला, थापी उलटी केली, आणि लोण्यासारखा तो चुना खाली न पडता चिकटून राहिला तेव्हाच काम सुरू करण्यास होकार दिला. चुना, चाळलेली वाळू व विटांची सुरखी (विटांची पूड) एकत्र मळून, त्यात हिरड्याचे आणि गुळाचे पाणी घालून पहिला थर मारला गेला. तो सुकून पांढरट पडेपर्यंत दुसऱ्या थराला त्यांनी हात लावू दिला नाही, आणि या काळात भिंतीसमोर ओली गोणपाटे लोंबत होती. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. त्याला घाई केली तर तो भुसभुशीत राहतो. त्यांच्या हाताखाली आलेली दोन तरुण मुले तोवर फक्त सिमेंटचेच काम करीत होती. तीन आठवड्यांत ती थर मारण्याइतकी तयार झाली. कारागीर नाहीत ही अडचण खरी आहे, पण निविदेत चुन्याचे काम निघतच नसेल तर कारागीर तयार तरी कशासाठी होतील?

आता लाकडाविषयी, जे मला अधिक काळजीचे वाटते, कारण गिलावा पुन्हा करता येतो, पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे सागवान पुन्हा आणता येत नाही. आमच्या माडीच्या पडदीला २६ फळ्या आहेत. सुताराने प्रत्येक फळीवर खडूने क्रमांक घातला, आम्ही त्या क्रमांकांचे चित्र वहीत काढले, आणि मग टोच्या घेऊन तो एकेक फळी वरपासून खालपर्यंत टोचत गेला. १६ फळ्यांना साफसफाई व तेल यांपलीकडे काही लागणार नव्हते. ७ फळ्या फक्त खालच्या टोकाला, कठड्यावर आपटून उडणाऱ्या पाण्याने कुजल्या होत्या. ३ फळ्या वाळवीने पोखरल्या होत्या आणि त्या पूर्ण बदलाव्या लागल्या. कुजलेल्या सातांचे खालचे वीतभर लाकूड त्याने तिरके कापले, म्हणजे सांध्यात शिरलेले पाणी आत न थांबता बाहेर ओघळावे, आणि पाडलेल्या एका वाड्याच्या तुळईतून काढलेले सागवान तिथे जोडले. गंजून लाकूड फोडणारे लोखंडी खिळे काढून पितळी स्क्रू घातले. तुळईचेही तसेच केले : दीड फूट कुजके टोक कापून, लांब तिरका सांधा करून, लाकडी खुंट्यांनी जुन्या सागाचा तुकडा बसवला, आणि भिंतीतल्या त्याच्या खोबणीत हवा खेळेल इतकी जागा सोडली. निविदेच्या भाषेत हेच काम निघाले असते तर २६ च्या २६ फळ्या टेम्पोत गेल्या असत्या आणि तुळईच्या जागी लोखंडी गर्डर आला असता.

त्या जुन्या फळ्या गाभ्याच्या गडद लाकडाच्या आहेत. आज बाजारात मिळणारा साग बहुधा लवकर तोडलेला असतो, त्यात बाहेरचे फिकट लाकूड जास्त असते, आणि वाळवी व बुरशी प्रथम तेच खातात. म्हणजे जुनी चांगली फळी काढून नवी बसवणे हे पैशाच्या हिशेबानेही वाड्याचे नुकसान आहे. अमेरिकेतील जुन्या लाकडी घरांना बाहेरून आडव्या फळ्यांचे आच्छादन असते. त्यांवर ॲल्युमिनियमचे किंवा व्हिनाइलचे पत्रे चढवण्याची लाट तिथे आली, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने घरमालकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढल्या. त्यांतही सांगणे हेच होते की, आधी दुरुस्ती करा, बदलावेच लागले तर तेवढाच भाग बदला, आणि आतली कूज पत्र्याखाली झाकू नका. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांसाठी वाड्यांच्या तोंडावर जे पत्रे आणि संमिश्र पॅनेल चढवले जात आहेत, त्यांना परवानगी देताना हा अनुभव लक्षात घ्यावा.

रंगाबाबत दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. लाकडावरचे जुने रंग काढण्यासाठी वाळूचा मारा किंवा ज्योतीचा दिवा कृपया वापरू देऊ नका. वाळूने कोरीव कामाच्या कडा बोथट होतात, आणि ज्योतीने सुक्या लाकडाला आत धुमसणारी आग लागू शकते. शिवाय जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा मोठा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम आपल्या देशात २०१६ साली आले, त्याआधीचे थर कोरडे घासले तर ती धूळ कामगारांच्या आणि वाड्यातील मुलांच्या पोटात जाते. रंग निघाल्यावर चकचकीत पॉलिश उन्हापावसात दोन वर्षांत सालीसारखे सुटते. आम्ही जवसाचे तेल कोमट करून पातळ दोन हात दिले व जास्तीचे पुसून घेतले. एक खबरदारी मात्र हवी. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ते पाण्यात भिजवून, उघड्यावर पसरून वाळवावेत. लाकडी वाड्यात ही बाब किरकोळ नाही. १८७९ च्या मे महिन्यात आग लावली गेली तेव्हा पुण्यातला बुधवारवाडा कायमचा गेला, आणि विश्रामबागवाडा दुरुस्त होऊ शकला म्हणून त्याच्या सुरूच्या आकाराच्या खांबांची ओळ आज आपण रस्त्यावर उभे राहून पाहू शकतो.

आता मूळ विनंतीकडे येते. निविदेत दर्शनी बाजूचे काम चौरस मीटरवर मोजले जाते, आणि ठेकेदाराला जितके अधिक काढले व अधिक लावले तितके अधिक पैसे मिळतात. फळी वाचवली तर त्याचे बिल घटते. अशा मोजणीत कोणाही माणसाकडून वाचवण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून दुरुस्तीच्या बाबी वेगळ्या लिहा : फळी जागेवर ठेवून साफ करणे, खालचे टोक जोडणे, पूर्ण फळी बदलणे, अशा तीन बाबी आणि त्यांचे तीन दर, आणि कोणती फळी कोणत्या बाबीत बसते हे अंदाजपत्रकाआधीच्या पाहणीत, क्रमांकासह व छायाचित्रासह ठरवा. कोरीव हस्तांसारखी कामे नगावर किंवा मीटरवर बसवण्यापेक्षा कुशल कारागिराच्या रोजावर धरावीत. दरसूचीत (कामांच्या ठरलेल्या दरांच्या सरकारी यादीत) जी बाब नाही तिचे दर-विश्लेषण करून सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घेता येते. हा मार्ग आपणांस माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. तो लांबचा आहे, हेही मी समजू शकते. पण ‘दरसूचीत चुना नाही म्हणून सिमेंट’ हे वाक्य मी एका जबाबदार व्यक्तीच्या तोंडून ऐकले आहे, आणि १५० वर्षे टिकलेल्या भिंतीचे भवितव्य एका छापील यादीतल्या रिकाम्या ओळीने ठरावे, हे मला फार क्लेशदायक वाटले.

वेळेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. निधी खर्ची पाडण्याची धावपळ मार्चमध्ये होते, कार्यारंभ आदेश त्यानंतर निघतो, आणि प्रत्यक्ष गिलावा मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, पावसाच्या तोंडावर मारला जातो. त्या उन्हात चुन्याच्या पोटातले पाणी उडून जाते, आणि पुढे महिन्याभरात मृगाचा पाऊस त्या कच्च्या थरावर कोसळतो. मग ‘चुना टिकत नाही’ असा शेरा फाइलवर पडतो. चुन्याचे काम दसऱ्यानंतर सुरू होऊन फाल्गुनाच्या आत संपले पाहिजे. आदेश सप्टेंबरच्या अखेरीस देता येतील अशा बेताने निविदेची प्रक्रिया उन्हाळ्यातच सुरू करावी, आणि खड्ड्यात चुना मुरवण्याचा काळ कामाच्या मुदतीत धरावा. सुरुवातीला एक चौरस मीटरचा नमुना भिंतीवर करून घ्यावा, तो अभियंता व वारसा समितीचा सदस्य यांनी पाहून मान्य करावा आणि पुढचे सारे काम त्याच्याशी ताडून पाहावे.

रस्त्याविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती पूर्णपणे आपल्याच हातात आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या जोत्याला रस्त्यापासून तीन पायऱ्या होत्या. आज एक उरली आहे. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवे डांबर पडत गेले आणि दगडी जोते, जे भिंतीला पाण्यापासून दूर ठेवण्यासाठीच बांधले होते, ते रस्त्याखाली गेले. आता गाड्यांच्या चाकांनी उडणारे पाणी थेट गिलाव्यावर येते, आणि या पाण्याला कोणताही चुना पुरा पडणार नाही. जुन्या पेठांमध्ये नवा थर देण्याआधी जुना थर खरवडून काढण्याची अट रस्त्याच्या निविदेत घातली, तर वाड्यांच्या जतनासाठी वेगळा निधी न लागता मोठे काम होईल. वीजमीटरच्या पेट्या, केबलचे जुडगे आणि वातानुकूलन यंत्रांच्या नळ्या कोरीव खांबांवर ठोकण्यास मनाई करणेही असेच बिनखर्चाचे आहे.

वारसा वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटले आहे की, जिथे अनुमान सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. वारसा जतनाचे काम करणाऱ्या इन्टॅक या भारतीय संस्थेच्या २००४ च्या सनदेने आपल्याकडच्या परंपरागत कारागिरांच्या ज्ञानाला जतनाच्या कामात मानाचे स्थान दिले. वारसा समित्यांच्या सदस्यांना ही दोन्ही वचने परिचित असतील. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की, मंजुरी देताना दर्शनी बाजूचे रंगीत चित्र पाहून थांबू नका, त्यासोबत काढल्या जाणाऱ्या प्रत्येक जुन्या भागाची यादी मागा आणि तो का वाचवता येत नाही हे विचारा. मालक व भाडेकरू यांच्या वादात अडकलेल्या वाड्यांना तर छोट्या दुरुस्तीची परवानगी आठवडाभरात मिळावी. फुटलेली पन्हळ बदलण्यासाठी सहा महिने वाट पाहावी लागली, तर तेवढ्यात एका तुळईचे टोक जाते.

आणि दर वर्षीची देखभाल धरा. पूर्वी दिवाळीआधी भिंतीला चुन्याचा हात दिला जाई, कौले चाळली जात, पन्हळी झाडल्या जात. सार्वजनिक मालकीच्या वाड्यांसाठी अंदाजपत्रकात या तीन कामांपुरती रक्कम दर वर्षी राखून ठेवली, तर वीस वर्षांनी येणारे मोठे काम पुष्कळ लहान होईल.

आमच्या वाड्याच्या परसातला चुन्याचा खड्डा अजून भरलेला आहे, आणि गल्लीकडच्या पश्चिम भिंतीचे राहिलेले काम आम्ही येत्या दसऱ्यानंतर काढणार आहोत. आपल्यापैकी ज्यांना चुना कसा मुरतो, फळी कशी जोडली जाते आणि त्याचे मोजमाप कसे नोंदवता येते हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, त्यांनी आपल्या कनिष्ठ अभियंत्यांना घेऊन अवश्य यावे. २६ फळ्यांची वही, प्रत्येक फळीवर झालेल्या खर्चासह, दाखवण्यासाठी तयार ठेवली आहे.

आपली नम्र,
एका जुन्या वाड्यातील रहिवासी